हलू नका

निपाणीत, स्टँडमागच्या बोळात, एकतीस वर्षं
मी एकच वाक्य बोलत आलो.
हनुवटी जरा खाली. डावा कान दिसू दे. हां.
हलू नका.

विडी कामगारांच्या ओळखपत्रांचं काम निघालं की
बायका जिन्यापर्यंत रांग लावायच्या.
पदर सारखा, कुंकू ताजं,
आणि तंबाखूचा तो वास,
जो मागच्या निळ्या पडद्यातून अजून गेलेला नाही.

एकदा सोनाबाई कुरणे म्हणून एक होती,
स्टुलावर बसल्या बसल्या विचारलं तिनं,
हातं बी येत्यात का ओ फोटोत?
मी म्हटलं, नाही मावशी, छातीपर्यंतच.
मग तिनं हात मोकळे सोडले.
म्हणजे मांडीवर ठेवले,
आणि बोटं आपोआप सुरू झाली,
पान नसताना, धागा नसताना,
वळायची, दुमडायची, टोक आत खोचायची.
तोंड मात्र देवळातल्यासारखं.
मी दिवा लावला, बटण दाबलं. पुढची.

आता दुकान पोराकडं आहे.
मी पहाटे संकेश्वर ओलांडून
हिडकलच्या फुगवट्यावर जातो.
मलकारीचा हरिगोल, गोल आणि गळका,
त्यात मी, लेन्स, प्लास्टिकच्या पिशवीत भाकरी.
मलकारी माझ्याशी मराठी बोलतो,
माशांशी कन्नड.

पहिल्या दिवशी नदी सुरय आला, शेपटीची कात्री उघडून,
आणि सवयीनं माझ्या तोंडून निघालं, हलू नका.
मलकारी वल्हं आडवं धरून हसला :
थांबलं तर पडंल की ते, मालक.

वर्षभर मी शटर एवढं जलद ठेवलं
की पाण्याचा थेंबही हवेत टांगलेला यायचा.
पीस न् पीस मोजून घ्यावं असे पक्षी.
पोरगा म्हणाला, भारी.
मला ते कुठं तरी पाहिल्यासारखे वाटत राहिले.
मग आठवलं.
पूर्वी लोक बोलवायचे मयताच्या घरी,
खुर्चीला टेकवून बसवलेलं असायचं माणूस,
हार घातलेला, भोवती नातवंडं.
तेवढ्याच गिऱ्हाइकाला
मला काही सांगावं लागलं नव्हतं.

तेव्हापासून शटर हळू केलं.
पक्ष्याबरोबर कमरेतून वळायचं,
श्वास सोडत, गुडघे सैल,
साठ वर्षांच्या कमरेला हे जमतं चारशेत तीनदा.
बाकीचे नुसते फराटे.
पाणकावळा की काडी, सांगता येत नाही.
एकदा पाणमांजराची जोडी गेली गाळावरून,
माझ्याकडं आली ती फक्त ओली रेघ.

फेब्रुवारीत पाणी उतरलं होतं.
बुडालेल्या रस्त्याचा एक मैलाचा दगड वर आलेला,
आकडा शेवाळात.
त्याच्या वर, पंधरा हातांवर,
कवड्या खंड्या हवेत येऊन उभा राहिला.
उभाच.
चोच खाली, डोळा काळा,
डोकं असं खिळलेलं
की कुठल्याही सरकारी कागदाला चाललं असतं.
आणि दोन्ही बाजूंना पंखांचा नुसता धूर,
एवढं काम, एवढं बिनबोभाट काम,
ते एक तोंड जागेवर ठेवायला.

मी लेन्स डोळ्याला लावली ती खाली घेतली नाही.
सोनाबाईचं ओळखपत्र कुणाच्या ट्रंकेत असेल?
असेल, तर वितभर कमी आहे.

खंड्या सुळकन पडला, मासा चुकला,
अंग झटकून परत वर जाऊन
त्याच जागी थांबला.

आलं काय? मलकारीनं विचारलं.
आलं. हललंय.
मग?
मी काही बोललो नाही.
कार्ड केव्हाच भरलं होतं.
तो माझ्या उजव्या हाताकडं बघत होता,
बोट अजून दाबत होतं,
सोडत होतं, दाबत होतं.